जरा सेल्फ मारा!

मुळशी तालुक्यात दोन विषयांवर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही : जमिनीचा भाव आणि बंद पडलेला ट्रॅक्टर. पहिल्या विषयावर २०१८ साली सिनेमा निघाला आणि गाजला. दुसऱ्यावर कुणी काढणार नाही, कारण त्यात मध्यंतर घ्यायला जागाच नाही.

आमच्या थोरल्या काकांचा ट्रॅक्टर वयाने माझ्याहून मोठा. कंपनीचं नाव सांगत नाही. तिची यात काहीच चूक नाही. फरिदाबादेत १९५९ साली आयशरने पहिला देशी ट्रॅक्टर बाहेर काढला, तेव्हा कुणाच्याही डोळ्यांपुढे ताम्हिणीच्या पावसातली आमची खाचरं असतील असं वाटत नाही. आमच्याकडे ट्रॅक्टर पुढे गेला की बांध येतो आणि मागे घेतला की भावकी. म्हणून शहाण्यांनी पॉवर टिलर घेतले. काकांनी मात्र इंजिन बांधायला काढलं.

“काका, एक गुंठा विकलात तर नवा ट्रॅक्टर दारात उभा राहील,” चुलतभाऊ म्हणाला.

“आन् चालवायचा कुठं? गुंठा घेनाऱ्याच्या लॉनवर?” काकांनी विषय मिटवला.

मग घराचं गॅरेज झालं. क्रँक ग्राइंडिंगला पुण्याला गेला, नवे लायनर, पिस्टन, रिंगा आल्या, आणि काकूंच्या तांदूळ निवडायच्या परातीत वॉल्व्ह मांडले गेले. काकू त्या मुक्कामभर सुपात तांदूळ निवडत राहिल्या आणि दर सोमवारी परातीची तारीख विचारत राहिल्या. शेवटी मिस्त्रींनी हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळले, टॅपेट लावले आणि हात पुसले. परातीत एकही नट उरला नव्हता. हे पाहून जमलेल्यांची जराशी निराशाच झाली.

जमलेले म्हणजे निम्मं गाव. पिरंगुटच्या कारखान्यातून निवृत्त झालेले तात्या, लष्करात गाडी चालवून आलेले मामा, माजी सरपंच आणि गुरुजी. गुरुजींनी येताच आभाळाकडे पाहून निकाल दिला, “टायमिंग चुकलंय तुमचं. आज अमावास्या.”

मिस्त्रींनी स्टॉपची दोरी ओढून धरायला लावली आणि सेल्फ मारला. इंजिन नुसतं फिरलं.

“न्हाय होत,” मामा म्हणाले.

“डिझेल बंद ठेवलंय मी. आधी ऑईल बेअरिंगपर्यंत चढू द्या. कोरडं चाललं तर नवे बेअरिंग पहिल्याच मिनिटाला खलास.”

“डिझेल बंद हाय, म्हनूनच न्हाय होत,” मामांनी गावाला समजावून सांगितलं.

ऑईलच्या काट्याने मान वर केली. मग एअर काढणं. डिझेलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला तरी पंप हवाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत काही पोचत नाही. पंपाचा स्क्रू सैल करून मिस्त्री हातपंप मारू लागले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. तेवढ्यात मदत म्हणून तात्यांनी फिल्टरचा दुसरा नट सैल केला आणि हवा पुन्हा आत गेली. मिस्त्रींनी अत्यंत आदराने त्यांना चहा प्यायला घरात पाठवलं.

यानंतर सेल्फ मारला, की सायलेन्सरमधून पांढराशुभ्र धूर यायचा आणि ट्रॅक्टर गप्प. बॅटरी उतरली. माजी सरपंचांनी पिकअपची बॅटरी काढून दिली आणि ती आपणच दिली हे प्रत्येक येणाऱ्याला सांगितलं. तीही उतरली. मग सर्वानुमते ठरलं, उतारावरून सोडून द्यावा.

उतार आमच्याकडे हवे तेवढे, पण आमच्या उताराच्या टोकाला मुळशी धरणाचं पाणी आहे. ते पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याला उतरतं आणि वीज करतं. त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तरी भाताची खाचरं पाण्याखाली गेली ती गेलीच. “टाटाच्या धरनाला जमीन दिली, आता ट्रॅक्टर देनार न्हाय,” काका म्हणाले. मुळशी सत्याग्रहाचा हा दुसरा टप्पा मात्र यशस्वी झाला.

मिस्त्री धुराजवळ जाऊन उभे राहिले. डोळे चोळले. “डिझेल आत जातंय, पेटत नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी वरचं टॅपेट कव्हर उघडलं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि नेमक्या त्या क्षणी फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण पिस्टन माथ्यावर दोनदा येतो : एकदा हवा दाबून आणि एकदा जळका धूर बाहेर ढकलून. फ्लायव्हीलवरची खूण दोन्ही वेळा जुळते. आमचा पंप दुसऱ्या वेळेवर बसला होता. म्हणजे पंगत उठल्यावर वाढपी जिलबी घेऊन येत होता. ओळखायचं कसं, तर खूण जुळली असताना एक नंबरचे दोन्ही वॉल्व्ह मिटलेले हवेत आणि चार नंबरचे हलण्याच्या बेतात. आमचं नेमकं उलटं होतं. खूण कुणी जुळवली होती, ही चौकशी काकांनी होऊ दिली नाही. इंजिन अजून मिस्त्रींच्याच हातात होतं.

पंप काढून पुन्हा बसवला. बॅटरी भरून आली. नारळ, लिंबू, सेल्फ. आधी एक सिलेंडर बोलला, मग दोन, मग चारही एकदम. काळा धूर काकूंच्या वाळवणावर गेला आणि ऑईलचा काटा जागेवर थांबला. आजी म्हणाली, “आरं, आता बंद नका करू रं त्याला!”

पाऊस लागलेला, रोपं लावणीला आलेली, साऱ्या गावाची चिखलणी खोळंबलेली. मिस्त्री म्हणाले, “पहिले पन्नास तास जोर नाही द्यायचा. चिखलणी नाही. नुसता उभा करून फुरफुरवायचाही नाही, हलकं काम द्या.”

हलकं म्हणजे काय, यावर चर्चा सुरू झाली. माजी सरपंचांच्या मते त्यांचं खाचर लहान, म्हणून हलकंच. मामांच्या मते त्यांच्या खाचरात पाणी जास्त, म्हणून माती हलकी. काकांनी ट्रॉली जोडली. रोपांच्या मुठी सगळ्यांच्या बांधावर पोचवायच्या एवढंच काम ठरवलं, आणि वही काढून जाहीर केलं, “पन्नास तासांनंतर ज्याचा सल्ला उपयोगी पडला त्याची चिखलणी आधी.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. या हिशेबाने पहिला मान मिस्त्रींचा, पण त्यांना शेत नव्हतं. तेवढ्यात गुरुजी खाकरले.

“मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, टायमिंग चुकलंय.”

काकांनी बराच वेळ गुरुजींकडे पाहिलं. मग वहीत पहिलं नाव त्यांचंच लिहिलं.