बेंबळीत बसून सिनेमा काढण्याची सोपी कृती

साहित्य: एक जत्रा, एक मंडप, ट्रॅक्टरवाला मेहुणा आणि सोयाबीनची पट्टी नुकतीच हाती पडलेला भिडस्त चुलता.

सुरुवात ऑर्केस्ट्रापासून करावी. एकदम सिनेमाचं नाव काढलं तर घरात जेवण बंद होतं. ऑर्केस्ट्रा गावच्या वर्गणीतून होतो, त्यामुळे कुणी काही बोलत नाही. सुपारी ठरली की पार्टी उचल मागेल, ती द्या. मग बेंबळी पोलीस ठाण्यातून परवानगी काढा. रात्री दहाला स्पीकर बंद, असं तिथे सांगतील. मान डोलवून या आणि गाणी संध्याकाळी सातलाच सुरू करा. सत्कार शेवटी ठेवा. आजी, माजी आणि भावी सरपंचांना शाली घालेपर्यंत दहा वाजतातच, म्हणजे भाषणं आपोआप टळतात.

कार्यक्रम चालू असताना पुढच्या खुर्च्यांत बसू नका. ती सगळी फुकटी मंडळी. मागे, ट्रॉलीवर माणसं उभी असतात तिथे जा. कुठल्या गाण्याला माणूस तंबाखू मळायचा थांबतो आणि कुठल्या गाण्याला शेताकडे वळतो, हे वहीत टिपा. पटकथेचं पुस्तक विकत आणलं असेल तर परत करा.

दादा कोंडक्यांनी हेच केलं. नायगावच्या चाळीतला हा माणूस बँडमध्ये वाजवून, सेवादलाच्या कलापथकात घासून तयार झाला. मग स्वतःची पार्टी काढली आणि वसंत सबनीसांकडून ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहून घेतलं. त्याचे हजारावर प्रयोग झाले. आशा भोसल्यांनी प्रयोग पाहून भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला आणि 1969 साली ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले. (आशाबाई बेंबळीला येतील या भरवशावर मात्र राहू नये.) 1971 साली त्यांनी स्वतः निर्माता होऊन ‘सोंगाड्या’ काढला. लेखक पुन्हा सबनीसच. नवशिक्यांनी हे ध्यानात ठेवावं: मेहुणा कविता करत असला तरी त्याच्याकडून ट्रॅक्टरच घ्यावा.

चित्रीकरण कसं करायचं? कराल कसंही.

खरी अडचण पुढे आहे. जत्रेत मंडप आपला असतो, सिनेमात थिएटर दुसऱ्याचं. दादरच्या कोहिनूरच्या मालकाला ‘सोंगाड्या’ नको होता, देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ हवा होता. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक कोहिनूरवर गेले आणि ‘सोंगाड्या’ लागला. पण शिवसैनिक सिनेमा लावून देऊ शकतात, पंचवीस आठवडे चालवून देऊ शकत नाहीत. तो ट्रॉलीवरच्या माणसानं चालवला. पुढे दादांच्या नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला, त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

तुम्हाला धाराशिवात एक आठवडा मिळाला तरी पेढे वाटा. मात्र सगळे पाहुणे शुक्रवारीच नेऊ नका. आत्याचं घर शनिवारी, मावशीचं रविवारी, सासुरवाडी सोमवारी, असे वाटून न्या. मंगळवारी तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघालेल्या दूरच्या पाहुण्यांना वाटेत अडवा. बुधवारी मात्र तिकीट काढून आत बसलेला एखादा अनोळखी माणूस दिसला, तर मध्यंतरात त्याला चहा पाजून तो नक्की कुठल्या गावचा, हे विचारून घ्या.