तात्या सरपंच कोणाचे?

अहो वैनी, जरा या इकडे गडग्याशी. वाल सोलताय ना, सोलत सोलतच ऐका. काल आमच्याकडे मालवणचे पाहुणे होते, ह्यांच्या मावशीकडचे. जेवणं झाली, सोलकढीच्या वाट्या फिरल्या आणि कुठून कोण जाणे, विषय निघाला नाटकाचा. तर पाहुणे काय म्हणतात, ‘वस्त्रहरण’ आमच्या सिंधुदुर्गाचं! आता मी गप्प बसते होय?

म्हटलं, भावोजी, लिहिलं कोणी? गंगाराम गवाणकरांनी. ते कुठले? राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. हो हो, तेच माडबन. अणुप्रकल्पाच्या बातम्यांत यायचं ते. प्रकल्प म्हटलं की गाव सगळ्यांना आठवतं, नाटककाराचं गाव म्हणून कोणाला आठवेल तर शपथ. पाहुणे म्हणाले, पण नाटक उभं केलं मच्छिंद्र कांबळींनी, आणि ते मालवणजवळच्या रेवंडीचे. आता ह्याला खोटं कसं म्हणू? नाटकातला तात्या सरपंच म्हटलं की दुसरा चेहरा डोळ्यांपुढे येतच नाही. मग मी ठेवणीतलं काढलं. नाटक धंदेवाईक रंगभूमीवर आलं 1980 साली. आणि सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1 मे 1981 ला. म्हणजे तेव्हा मालवणसुद्धा रत्नागिरीतच! भावोजींनी मुकाट्यानं आणखी वाटीभर सोलकढी मागितली.

काय म्हणालात? नाही हो, भांडण कसलं, हसत हसत चाललं होतं.

पण खरं सांगू, मला त्या गवाणकरांचं फार वाटतं. लहानपणी गाव सोडून मुंबईला गेलेला गरिबाघरचा मुलगा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, टेलिफोन खात्यात नोकरी केली आणि नोकरी सांभाळून नाटकं लिहिली. आपल्याकडच्या घराघरातला चाकरमानी असतो ना, तसाच. फरक एवढाच की आपले चाकरमानी गणपतीला येऊन गावाला नावं ठेवून जातात, ह्यांनी गावाचं नाटक केलं.

आणि त्या नाटकाचं आधीचं नाव ठाऊक आहे तुम्हाला? ‘आज काय नाटक होवचां नाय’! हसताय काय, खरंच. आता असं नाव बघून तिकिटाला पैसे कोण मोडेल? नाव बदललं तरी सुरुवातीला गर्दी नव्हतीच. मग पुलंनी प्रयोग बघितला, पोट धरून हसले म्हणतात, आणि कौतुकाचं पत्र पाठवलं. तिथून गाडी जी सुटली ती पाच हजार प्रयोगांच्या पुढे. लंडनलासुद्धा जाऊन आलं मालवणी बोलत बोलत. त्याआधी नाटकात मालवणी कोणाच्या तोंडी असायची? घरगड्याच्या. चहाचा ट्रे ठेवायचा, एक वाक्य बोलायचं, लोक हसले की आत जायचं. इथे मात्र दुर्योधनापासून सरपंचापर्यंत सगळी त्याच भाषेत भांडायला लागली.

आमचे हे म्हणतात, त्यात लिहिलेलं कमी आणि कांबळींनी तिथल्या तिथे घातलेलं जास्त. असेल. दशावतारात तरी कुठे संहिता असते? रात्रभर आपल्या मनचंच बोलतात. पण मी ह्यांना म्हटलं, गावातली मंडळी महाभारतातलं नाटक बसवतात आणि नाटकापेक्षा घोळच रंगतो, हे आधी सुचलं कोणाला? ते सुचायला गावातली नाटकं जवळून बघितलेली लागतात.

तुमच्या माहेरी होत असतील ना शिमग्याला? आमच्याकडे द्रौपदी व्हायचा शाळेतला शिपाई. दुपारी मिशी काढायची वेळ आली की पुन्हा रुसायचा. आणि त्या साड्या! सात घरांतून लुगडी मागून आणायची, पदराला पदर टाके घालून शिवायची आणि विंगेतून कृष्णानं सोडत राहायची. एकदा चौथ्या लुगड्याला गाठ बसली. दुःशासन ओढतोय, कृष्ण आतून ओढतोय आणि द्रौपदी मध्ये, ‘अरे मेल्यांनो, फाटेल, वहिनीचं हाय ते!’ म्हणून ओरडतेय. लोक शिट्ट्या मारतायत. माझ्या सासूबाईंचं हिरवं लुगडं त्यातच गेलं ते आजतागायत परत आलेलं नाही. कोणाकडे आहे ते मला माहीत आहे, पण नाव घेत नाही. ती बाई आता आपल्याच भिशीत आहे.

तर सांगायचं काय, कांबळी 2007 साली गेले तेव्हा अख्खं कोकण हळहळलं, आणि योग्यच होतं ते. भद्रकाली प्रॉडक्शन्स काढून त्या माणसानं मालवणी नाटक गावोगाव नेलं. गवाणकर मात्र ‘वस्त्रहरणवाले’ एवढेच राहिले. ‘वात्रट मेले’ त्यांचंच, ‘वन रूम किचन’ त्यांचंच, ‘दोघी’सुद्धा. किती जणांना ठाऊक आहे? नट दिसतो हो, लिहिणारा विंगेत. तरी 2016 साली ठाण्याच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मला माझ्या माहेरचा माणूस बोहल्यावर चढल्यासारखा आनंद झाला होता. माझं माहेर राजापूरचं, म्हणून म्हटलं. 2025 च्या ऑक्टोबरात तेही गेले.

आता ऐका मुद्द्याचं. वाडीतली पोरं यंदा ‘वस्त्रहरण’ बसवायचं म्हणतायत. परवानगी घ्या म्हणावं आधी रीतसर, नाहीतर लेखकाचं नाव बोर्डावर बारीक अक्षरात आणि वर्गणीदारांची ठळक, असं होतं आपल्याकडे. तात्या सरपंच कोणी व्हायचं ह्यावरून आत्ताच दोन गट पडलेत. आमच्या ह्यांना प्रॉम्प्टर केलंय. ह्यांना चष्म्याशिवाय कॅलेंडर दिसत नाही!

आणि लुगडी मागायला आली पोरं, तर तुम्ही द्या बाई. माझ्याकडून एक पदर मिळायचा नाही. गवाणकरांचं ‘व्हाया वस्त्रहरण’ मात्र देईन वाचायला, आमच्या वाचनालयातून आणलंय. पण आधी पलीकडच्या काकूंचा नंबर आहे, त्यांनी मागच्या आठवड्यातच सांगून ठेवलंय.