काका, सेट सुरू झाला!

नांदेडच्या टँकवर सकाळच्या पहिल्या बॅचला सगळ्यात आधी येतात ते काका, आणि पाण्यात सगळ्यात शेवटी उतरतात तेही काकाच. मधल्या वेळात खांदे फिरवणं, टोपी चढवणं, गॉगलच्या काचेत थुंकून बोटानं पुसणं आणि शेजारी सापडेल त्याला "मी आधी लई पोहायचो" हे सांगणं चालू असतं. असे एक काका प्रत्येक टँकवर असतात. आमचे मूळचे लातूरकडचे, बदलीनं नांदेडला आलेले, एवढंच.

ते खोटं बोलत नाहीत. मामानं कमरेला वाळका भोपळा बांधून शेतातल्या विहिरीत ढकललं आणि ते शिकले. पुढं मुटके झाले, सूर झाले, तळाचा गाळ मुठीत धरून वर आणून दाखवणं झालं. पण विहिरीत डोकं वर ठेवून पोहतात आणि तिथं घड्याळ नसतं. टँकवर डोकं पाण्यात घालावं लागतं, मान वळवून श्वास घ्यावा लागतो आणि भिंतीवर भलंमोठं घड्याळ असतं. काकांचं भांडण त्या घड्याळाशी आहे.

पोहणं सुटलं कसं, ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. "घागर भरायला पाणी नाही, अन् मी कुठं पोहायला जाऊ? लोकं जोड्यानं हाणतील की!" या कारणाला उत्तर नाही. मग २०२० ला टँकच बंद. मग मुलीची बारावी आणि नीट; लातूरच्या घरात नीटचं वर्ष असलं की बापानंही जोरात श्वास घ्यायचा नसतो. शेवटी रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी काकांना पाण्यात ढकललं.

सर शिट्टी मारून सांगतात, "पन्नासचे आठ, सव्वा मिनिटाला एक." लेनमधली पोरं पन्नास मीटर ४५ सेकंदांत मारतात आणि उरलेले ३० सेकंद भिंतीला टेकून गप्पा हाणतात. काका ७० सेकंदांनी पोचतात. म्हणजे ज्याला दम लागलाच नाही त्याला अर्धा मिनिट आराम, आणि ज्याचा जीव चाललाय त्याला पाच सेकंद. हा अन्याय काकांनी एकदा धापा टाकत सरांपुढं मांडला. सर म्हणाले, "काका, सेट सुरू झाला."

तेव्हापासून काका आपला आराम आपणच मिळवतात. तिसऱ्या फेरीला गॉगलमध्ये पाणी जातं. चौथीला टोपी सरकते. पाचवीला शास्त्र आठवतं: "सर, कोपर वरच का ठेवायचं?" सर हौसेनं हात करून दाखवतात, तोवर एक फेरी वाचते. सहावीला काका कडेला सरकून मागच्या पोराला मोठ्या मनानं म्हणतात, "तू हो पुढं बाळा, मी आलोच."

कुणीतरी त्यांना सांगितलं की पुढच्याच्या पायामागं पोहलं तर कष्ट कमी पडतात. ते खरंही आहे. झालं! काकांनी दहावीतल्या एका पोराचे पाय पकडले. धडाधड बोटं त्याच्या तळव्यांना लागायला लागली. पोरगं भिंतीला थांबलं आणि म्हणालं, "काका, पाया कामून पडायलात?"

काकांचं दैवत कोल्हापूरचा वीरधवल खाडे. २००८ ला सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक, २०१० ला आशियाई स्पर्धेत कांस्य, मग तहसीलदाराची नोकरी, पोहणं मागं पडलेलं. आणि २०१८ ला जकार्त्यात पुन्हा आशियाई स्पर्धा. पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. "नोकरीवाला माणूस हो! परत येता येतंय," असं म्हणताना काकांचा आवाज जरा बसतो. तेव्हापासून ते स्वतःची वेळही शंभराव्या भागात मागतात. भिंतीवरच्या घड्याळाला फक्त सेकंदकाटा आहे.

बॅच सुटली की टपरीवर मुरमुऱ्यांचा सुशीला, वर शेव, वर पुन्हा शेव. "पोहून आलं की चालतंय." डॉक्टरांना हे ठाऊक नसावं. मग गॉगलची वर्तुळं डोळ्यांभोवती घेऊन ते ऑफिसात बसतात आणि कुणी विचारलं नाही तर स्वतःच सांगतात.

पण परीक्षा आली की ती ४५ सेकंदांची पोरं गायब होतात, पाऊस लागला की उरलेली. काका येतात. गेल्या महिन्यात सत्तरचे सदुसष्ट झाले, तर सगळ्या बॅचला पेढे वाटले. स्वतः दोन खाल्ले.

तुमच्या लेनमध्ये असे कुणी भेटले तर त्यांना पुढं जाऊ द्या, गॉगल नीट करायला वेळ द्या. आणि भिंतीला पोचून त्यांनी "किती झाले?" असं विचारलं, तर दोन सेकंद कमी सांगा.