नदीची फर्स्ट शिफ्ट

"अगं ए, हे बूट कुणाचे? माझ्या आळूवर ठिबकतायत."

वहिनींची हाक आली तेव्हा मी नळाला पाइप लावून पाण्याची वाट बघत होते. आमच्या निगडी प्राधिकरणात दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. कढीपत्ता त्यांचा, फांद्या आमच्याकडे. पहिलं ऊन त्या भिंतीवरच पडतं, म्हणून चिरंजीवांचे बूट मी तिथे पालथे घातले होते. रात्री झटकले तर आतून वाटीभर वाळू निघाली आणि एक गोटा. गोटा त्यानं शोकेसमध्ये ठेवलाय.

"कोलाडला गेला होता. राफ्टिंग."

"म्हणजे ते रबरी होडीत बसून ओरडतात ते?"

"तेच. कंपनीनं नेलं. टीम बिल्डिंग."

"चाकणला लाइनवर दिवसभर काय एकेकटे बसतात का ही पोरं?" वहिनींनी एक बूट उचलून पाहिला. "आणि तिथं काय काय घालतात?"

मी सांगितलं. लाइफ जॅकेट, डोक्याला हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा. सुरू करण्याआधी अर्धा तास सूचना. पाय कुठे अडकवायचे, वल्ह्याची मूठ कशी धरायची. ती मूठ कायम हाताखाली झाकलेली हवी, सुटली तर शेजारच्याचे दात जातात म्हणे.

"म्हणजे सहा दिवस हेल्मेट आणि सेफ्टी शूज घालायला पगार मिळतो, आणि सातव्या दिवशी हेल्मेट घालायला आपण पैसे द्यायचे."

"पैसे कंपनीनं दिले हो."

"मग ओव्हरटाइम झाला तो." वहिनींचे यजमान छत्तीस वर्षं टूलरूममध्ये होते. कंपनीचा कुठलाही खर्च त्या आधी ओव्हरटाइमच्या खात्यात टाकून बघतात.

पण गंमत ऐकण्यासारखी होती, म्हणून मी भिंतीला रेलले. गाइड बसतो होडीच्या मागच्या टोकाला आणि फक्त हुकूम सोडतो. 'फॉरवर्ड' म्हटलं की सगळ्यांनी एका लयीत वल्हवायचं, 'डाउन' म्हटलं की वल्हं उभं धरून तळाशी उकिडवं बसायचं. आमच्याकडच्या होडीत पुढे बसले होते प्लांटचे मोठे साहेब. पहिलीच लाट आली, साहेब उलटे पाण्यात. पडलं तर काय करायचं हे सूचनांमध्ये सांगितलेलंच असतं: उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे, बोटं वर. म्हणजे खडक आला तर पायावर झेलता येतो. उभं राहायला मुळीच जायचं नाही, कारण दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला दाबून आडवं करतं. साहेब मात्र उभे राहायला बघत होते आणि मागून आमचा ज्युनिअर मुलगा ओरडत होता, "सर, झोपा! सर, झोपा!"

वहिनी इतक्या हसल्या की त्यांचे यजमान चहाचा कप घेऊन बाहेर आले, बघून परत आत गेले.

"असा हुकूम सोडायला मिळतोय म्हटल्यावर जाणारच पोरं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण निघाला कधी? परवा पहाटे तुमचं फाटक वाजलं तेव्हा मला वाटलं चोरच."

"साडेचारला. चाकणहून बस. तिथे सकाळचं पाणी गाठावं लागतं."

"गाठावं लागतं म्हणजे? नदी आहे का लोकल?"

हेच तर मलाही त्यानं समजावून सांगेपर्यंत कळलं नव्हतं. कुंडलिका वर्षभर राफ्टिंगला चालते ती पावसाच्या जिवावर नव्हे. वर भिऱ्याला वीजघर आहे. तिथे वीज तयार झाली की टर्बाइनमधून सुटलेलं पाणी खाली येतं, आणि त्या पाण्यावर रवाळज्याच्या बाजूनं बारा-तेरा किलोमीटर या होड्या जातात. सकाळी पाणी सोडलं की नदी फुगते. उशिरा पोचलात तर गोटे मोजत बसा.

"म्हणजे नदीलाही फर्स्ट शिफ्ट लागलीय."

"अगदी! पंचिंग करून येते."

"आणि भिऱ्याला पाणी कुठनं येतं?"

"मुळशीच्या धरणातून. डोंगरातून नळीनं."

वहिनी गप्प झाल्या. हातातला बूट त्यांनी अलगद भिंतीवर ठेवला. त्यांचं माहेर मुळशीतलं, पौडच्या पलीकडचं, हे मला ठाऊक होतं. पण ते कुठे आहे यापेक्षा कुठे होतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

"आमच्या आज्ज्याची भातखाचरं त्या पाण्याखाली आहेत," त्या म्हणाल्या. "एकोणीसशे एकवीसच्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आज्जा पोरगा होता. मोठी माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली, तर हाही मागं मागं गेला. सेनापती बापटांना 'सेनापती' म्हणायला लागले ते तिथंच, माहितीय ना?"

पुस्तकातलं मला माहीत होतं. १९२१ ते १९२४ सत्याग्रह चालला, बापट तुरुंगात गेले, धरण व्हायचं ते झालंच. मुंबईला वीज हवी होती. १९२७ पासून भिऱ्याची वीज सुरू झाली. पण भूगोल मात्र मी त्या सकाळी भिंतीवर बोटानं रेघा काढत पहिल्यांदा नीट बघितला. धरण बांधलं मुळा नदीवर. म्हणजे आपल्या वाकड-सांगवीवरून वाहते तीच मुळा, दापोडीला पवनेला भेटणारी. ते पाणी आपल्या वाटेनं जायचं तर भीमेतून कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागराला. धरणात अडवून ते सुमारे पाचशे मीटर कोकणात उतरवलं, कुंडलिकेत सोडलं. आता ते रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. पावसाळ्यात धरण भरून जास्तीचं सोडतात तेवढं आपल्याकडे येतं, आणि मग सांगवीतल्या लोकांना रात्री गाड्या उंचावर न्याव्या लागतात.

"म्हणजे बघ," वहिनी म्हणाल्या, "तुझा पोरगा पहाटे ताम्हिणी घाटानं उतरला, आणि आमचं पाणी डोंगराच्या पोटातनं. खाली दोघांची गाठ."

"बसमधून त्यानं तो जलाशय बघितला म्हणाला. फोटोही काढले."

"दाखव मला नंतर." एवढंच. मग लगेच, "आता पुढचं काय ठरलंय? कारट्याला चटक लागली असणार."

"डिसेंबरात सांदणला जायचं म्हणतोय."

"सांदण? फणसाचं? डिसेंबरात फणस कुठला?"

मी कोकणातली, त्यामुळे मलाही आधी तेच ऐकू आलं होतं. पण ही सांदण दरी. भंडारदऱ्याच्या मागे, रतनगडाजवळ साम्रद गाव आहे, तिथून जमिनीला चीर पडल्यासारखी घळ सुरू होते. दोन्ही बाजूंना उभा कातळ, मधे कुठे कुठे एवढं अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंती लागाव्यात. वाटेत थंडगार पाण्याचे डोह, पुढे दोर लावून उतरायचे कडे, आणि तसंच जात राहिलं तर खाली कोकणात डेहणे गाव. पावसाळ्यात तिथे कुणी उतरत नाही. वरून आलेला लोंढा बाजूला सरायला जागाच देत नाही.

"त्या घळीत शिफ्ट कोण लावतं?"

"कोणीच नाही. आभाळ."

"मग साम्रदचा माणूस बरोबर घेऊन जा म्हणावं. कोण कधी येतं-जातं हे गाववाल्याला कळतं." जरा थांबून म्हणाल्या, "कुंडमळ्याला तेच झालं ना."

मी मान हलवली. तो रविवार आमच्या दोन्ही घरांच्या लक्षात आहे. १५ जून २०२५, दुपार, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या ओझ्यानं कोसळला, चार जण गेले. आमच्यापासून किती लांब ते? चिरंजीव कॉलेजात असताना वडापाव खायला जायचा तिथे. खडकातून घुसळत जाणारं पाणी बघायला हेल्मेट लागत नाही, गाइड नसतो, सूचना देणारं कोणी नसतं. माणसं चपला हातात घेऊन जातात. कोलाडला साहेब पाण्यात पडले तर दोर फेकणारा माणूस आधीच खडकावर उभा होता. मला थरारापेक्षा त्या दोरवाल्याचं जास्त कौतुक वाटतं. पण त्याचा फोटो एकाही पोरानं काढलेला नाही, मी मोबाइल धुंडाळून बघितला.

तेवढ्यात पाइपातून फुस्स झालं, एक तांबूस चूळ बाहेर पडली आणि धार लागली. २०१९ च्या अखेरीपासून आपल्याकडे दिवसाआड पाणी, त्यामुळे या आवाजाला आम्ही बोलणं अर्धवट टाकून पळतो. मी बादली सरकवली. वहिनीही वळल्या, तीन पावलं गेल्या, परत आल्या.

"ऐक. त्या होडीत वयाची अट असते का गं?"

"लहान मुलांना घेत नाहीत. का?"

"वरच्या बाजूनं विचारतेय. सहासष्ट."

"वहिनी!"

"पोहता येतं मला. आमच्या विहिरीत शिकले." त्यांनी दोन्ही बूट उचलून आळूपासून लांब, उन्हात नीट मांडले, जिभा बाहेर ओढून. "विचारून ठेव त्याला. येत्या रविवारी नाहीये आपल्याकडे पाणी."