नाईकांच्या वाड्यावरच्या पांडूस, भोपाळहून

रा. रा. पांडू यांस,
मुक्काम नाईकांचा वाडा, आकेरी



खरं तर हे पत्र 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेच्या लेखकमंडळींना लिहायचं होतं. पण तुझं काम करणारे प्रल्हाद कुडतरकरच मालिकेचे संवादही लिहायचे असं कळलं आणि आमचा एक जुना संशय फिटला. काहीही विचारलं की 'इसरलंय' म्हणून मोकळा होणारा आणि वाड्यातल्या सगळ्यांच्या तोंडी शब्द घालणारा माणूस एकच! तेव्हा अर्ज थेट तुझ्याकडे.

आमची ओळख तुला नसणार. 1956 साली नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांमधली कितीतरी मराठी कुटुंबं बाडबिस्तरा बांधून इकडे आली. आमचा गोतावळा त्यांतलाच. मागच्या पानावर काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय पुढच्या पानावर सही करायची नाही, हे आमचं बाळकडू. अशा घरांत तुमची मालिका शिरली.

वल्लभ भवनातून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकांनी नाईक कुटुंबाची रीतसर नस्ती उघडली. शाहपुऱ्याच्या तलावाला सकाळचा फेरा मारताना तिच्यावर चर्चा होते, आणि पोहे-जिलबी संपली तरी ती संपत नाही. पहिली नोटशीट फेब्रुवारी 2016 ची: नाईकांच्या अभिरामचं लग्न तोंडावर आणि त्याचे वडील अण्णा वारले. मग आठ महिने सावल्या, कुजबुज, संशय. घरातला प्रत्येक जण एकदा तरी आमच्या यादीत गुन्हेगार म्हणून लागला; अण्णांची बायको माईसुद्धा, देव मला क्षमा करो. ऑक्टोबरमध्ये उलगडा झाला तो असा घाईत, की मार्चअखेरीला शिल्लक निधी खर्ची टाकणारं खातंही लाजावं.

जानेवारी 2019 मध्ये दुसऱ्या भागाने प्रकरण पुन्हा उघडलं, तर अण्णा जिवंत! काळ मागे गेलाय हे आम्हाला समजायला फार वेळ लागला नाही. शेजारच्या खानसाहेबांना मात्र अजून समजलेलं नाही. "को खां, ये तो मर गया था ना?" असं ते दर आठवड्याला विचारायचे. मराठी त्यांना येत नाही. तशी तुमची मालवणी आम्हाला तरी कुठे पुरती कळते? आमची मराठी नागपुरी, तीत निम्मी हिंदी. त्यामुळे दोन भागांतला विरोधाभास म्हणून काकांनी लाल शाईने टिपलेल्या काही नोंदी निव्वळ ऐकण्यातल्या चुका असू शकतात. हे त्यांना सांगणार कोण?

पण गंमत बघ. ज्याचं मरण आम्ही 2016 साली पाहिलं, त्याच्या जिवाची काळजी आम्ही ऑगस्ट 2020 पर्यंत केली. शेवट ठाऊक होता, तरी माधव अभ्यंकरांच्या अण्णांनी डोळे वटारले की इकडे काकूंच्या हातातली सुई थांबायची. अण्णांची प्रेयसी शेवंता आरशासमोर बसली की काका चष्मा पुसायला घ्यायचे. मला विचारशील तर रहस्य नसलेला हा भागच सर्वांत चांगला. कोडी सोडवण्याचा उद्योग आम्ही आमच्या हौसेने केला. खिळवून ठेवलं ते माणसांनी.

2021 च्या तिसऱ्या भागात अण्णा आणि शेवंता दोघंही भुतं. तिथवर ठीक. पण मध्येच अपूर्वा नेमळेकर मालिका सोडून गेल्या आणि शेवंता म्हणून कृतिका तुळसकर आल्या. काकांनी ताबडतोब शेरा मारला: 'ओळख पटलेली नाही, पुरावा जोडावा.' काकू शांतपणे म्हणाल्या, "मेल्यावर माणूस थोडा बदलणारच." इतक्या वर्षांत त्या नस्तीवर निघालेला हा एकमेव निर्णय.

ती नस्ती सोबत जोडली आहे. 'पाहिले' एवढं लिहून सही कर आणि परत पाठव. आत काय आहे ते मात्र वाचू नकोस. वाचलंस तर तुला चौथा भाग सुचेल, आणि काकूंना आता रात्री उशिरापर्यंत जागवत नाही.

कळावे,
तुझा,
तुलसीनगरातला एक प्रेक्षक