बॉनेट उघडं, पंखा गप्प

मे महिन्यात खंबाटकी घाटात वाहतूक तुंबली की कडेला ओळीने उघडी बॉनेटं दिसू लागतात. प्रत्येक बॉनेटमागे घामाघूम गृहस्थ आणि आपापलं निदान घेऊन खाली उतरलेलं कुटुंब. सासरे म्हणतात, "जावईबापू, पाणी संपलं असेल." मेव्हणा म्हणतो, हेड गेलं. शेजारच्या ट्रकचा क्लीनर लांबूनच एक नजर टाकतो आणि सांगतो, "फॅन फिरंना ओ तुमचा."

बहुधा क्लीनर बरोबर असतो. पण सासऱ्यांना ते पटत नाही. त्यांची हयात अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीत गेलेली. त्या गाड्यांत पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. 1983 साली मारुती 800 आली, तिचं इंजिन आडवं बसलं, आणि पंख्याला विजेची स्वतंत्र मोटर मिळाली. आजच्या बहुतेक मोटारींत हीच व्यवस्था आहे. पंखा हुकूम येईपर्यंत स्वस्थ बसतो, आणि तो विश्रांती घेतोय की वारलाय, हे बाहेरून कळत नाही.

म्हणूनच "पुण्यापासून इथवर तर मस्त आली!" हे वाक्य प्रत्येक बॉनेटपाशी ऐकू येतं. येणारच. ऐंशीच्या वेगाने जाताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याला काम नसतं. गाडी मुंगीच्या पावलांनी चढू लागली की वारा संपतो आणि पंख्याची आठवण होते. पंखा कदाचित संक्रांतीलाच गेलेला असतो. बातमी मे महिन्यात पोचते.

अशा वेळी गाडी बाजूला घ्यायला जागाच नसेल तर एक अघोरी उपाय आहे: एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचा. हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो प्रवाशांवर ओततो. उपाय शास्त्रशुद्ध आहे, पण मे महिन्यात तो करणाऱ्याच्या संसाराची हमी कोणी देत नाही. जागा मिळताच इंजिन बंद करावं. काटा लाल खुणेवर असताना "अजून थोडं जाऊ" म्हणणाऱ्यांची ॲल्युमिनियमची हेडं वाकतात, गॅस्केट उडतं, ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा होतो आणि मेव्हणा खरा ठरतो.

यानंतर हमखास कुणीतरी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे जातो. त्याला धरून ठेवावं. ते झाकण आतला दाब राखतं, म्हणून कुलंट शंभर अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास भुईमुगाच्या शेंगा खाव्यात. बोटं, पदर आणि ओढण्याही पंख्यापासून लांब ठेवाव्यात, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंख्याला अचानक कर्तव्याची जाणीव होते.

आता शोध. पंख्याचा हुकूम सरकारी फाइलीसारखा टेबलाटेबलावरून येतो. पाणी साधारण 95 ते 100 अंशांच्या घरात गेलं की सेन्सर खबर देतो, गाडीचा कॉम्प्युटर मंजुरी देतो, रिले शिक्का मारतो, फ्यूजमधून वीज सुटते आणि मोटर फिरते. फाइल कुठल्या टेबलावर अडली, एवढंच शोधायचं असतं. आपल्याकडे मात्र शोधण्याआधी टेबलं बदलतात: नवा सेन्सर, नवी मोटर, नवा रेडिएटर, आणि शेवटी कळतं की फ्यूज उडाला होता.

गाडी थंड झाल्यावर इंजिन चालू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरायलाच हवा. फिरला, तर मोटर जिवंत आहे आणि संशय सेन्सरकडे जातो. (दोन पंख्यांच्या गाडीत फसगत होते: एसीचा जोरात फिरतो, रेडिएटरचा झोपलेलाच.) नाही फिरला, तर फ्यूज पाहावा, तो बहुधा 30 किंवा 40 अँपिअरचा असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबणारे कलाकार आजही आहेत. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर मोटर जाम असेल किंवा वायर कुठेतरी शॉर्ट असेल. रिले तपासायला त्याच नंबरचा शेजारचा लावून बघतात. तो शेजारी बऱ्याचदा हॉर्नचा असतो, आणि आपल्या रस्त्यांवर पंख्याविना निघायला तयार असलेला माणूस हॉर्नविना निघायला धजत नाही.

मोटरच्या वायरींचा कपलर वितळून तपकिरी झालाय का, तेही बघावं. मग मोटरला थेट बॅटरीची वीज द्यावी. फिरली तर दोष मागच्या टेबलांचा. गप्प राहिली तर लाकडाने हलकी टिचकी मारावी. जागी झाली, तर आतले कार्बन झिजलेत.

आणि सेन्सर? कुलंट कमी असेल तर तो पाण्याऐवजी वाफेत लटकतो, त्याला खरा ताप कळतच नाही आणि हुकूम सुटत नाही. म्हणजे सासरेही बरोबर असू शकतात. हे त्यांना प्रवास संपल्यावर सांगावं.

एवढं कोण करतो? हायवेवरचा मिस्त्री पाच मिनिटांत म्हणतो, "फॅन डायरेक्ट करून देतो." दोन वायरी, एक बटण. वर थर्मोस्टॅटचा वॉल्व्हही काढून टाकतो. मग इंजिन वेळेवर तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. साताऱ्यापर्यंत पोचायला डायरेक्ट ठीकच. पण ती तात्पुरती सोय गाडीच्या आयुष्यभर टिकते. बटण चालू राहिलं तर सकाळी बॅटरी झोपलेली, बंद राहिलं तर काटा वर. पुढे गाडी विकायला निघते. घेणारा डॅशबोर्डखाली हात घालून विचारतो, "हे कसलं बटण?"

"सिग्नलला थांबलात की दाबायचं," मालक सांगतो, "जास्तीची सोय करून घेतलीय."

आणि त्या सोयीचे पाच हजार वाढवून मागतो.