कढीपत्ता, रिकामे डबे आणि एक बाई

मेलबर्नमधल्या ट्रुगानिनातली कुंपणं गप्पांसाठी बांधलेलीच नाहीत. उभ्या लाकडी फळ्या, चांगल्या पुरुषभर उंच. शेजाऱ्याचं तोंड दिसू नये असा बंदोबस्त. म्हणून आमच्या बाजूला एक उलटी बादली असते आणि पलीकडे काकूंचं दुधाचं क्रेट. शनिवारी सकाळी फळीवर टकटक झाली की मी बादलीवर, काकू क्रेटवर.

"हा घे कढीपत्ता," काकू म्हणाल्या. "थंडीत सगळा झडला होता बिचारा, आता फुटलाय. आणि काल तुमच्याकडं वाढदिवस होता ना? डबे कुठायत?"

डबे म्हणजे कोल्ड्रिंकचे रिकामे डबे. काकू ते बासमतीच्या पोत्यात भरून मशीनवर नेतात. एका डब्याचे दहा सेंट. शंभर डब्यांचे दहा डॉलर झाले, की भाजी-कोथिंबिरीला मुलापुढं हात पसरावा लागत नाही, असा त्यांचा हिशेब.

"काकू, ही योजना कुणाची माहितेय?"

"सरकारची. चिठ्ठी आली होती की, 1 नोव्हेंबर 2023 पासून म्हणून."

"आणली सरकारनं. पण विधेयक एका बाईनं 2009 सालीच मांडलं होतं. आपल्याच भागाची आमदार."

गप्पांत 'एक बाई' आली की काकू क्रेटवर टाचा उंचावतात. "कोण गं? कुणाची?"

कॉलीन हार्टलंड. ग्रीन्स पक्षाच्या. इथल्या वरच्या सभागृहाचे आठ विभाग आहेत, प्रत्येकाचे पाच आमदार. आपला विभाग वेस्टर्न मेट्रोपॉलिटन. तिथून त्या 2006 मध्ये निवडून आल्या. त्या वर्षी ग्रीन्सचे तिघे वरच्या सभागृहात पोचले, त्याआधी तिथं त्यांचं कुणी नव्हतं. बाई मूळच्या चळवळीतल्या. फुटस्क्रेजवळ कूड आयलंडवर रसायनांच्या टाक्या आहेत, 1991 च्या ऑगस्टमध्ये तिथं मोठी आग लागली होती. त्या टाक्यांविरुद्ध भांडणाऱ्या लोकांत या पुढे होत्या.

"म्हणजे धुरातनंच राजकारणात आली म्हण," काकू म्हणाल्या. मग लगेच मुद्द्यावर, "पण 2009 ला मागितलं आणि 2023 ला मिळालं? मधली चौदा वर्षं काय झोपले होते?"

झोपले नव्हते, नको म्हणत होते. पेयवाल्या कंपन्यांचं पालुपद ठरलेलं: किमती वाढतील, आणि घरासमोरचा कचऱ्याचा डबा पुरेसा आहे. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात ही पद्धत 1977 पासून चालू आहे, हे ठाऊक असूनही. इकडे आमच्या सपाट माळावर वारा सुटला की प्लास्टिकच्या बाटल्या थेट स्केलेटन क्रीकमध्ये, तिथून समुद्रात. ते बघायला कुणी क्रेटवर चढत नव्हतं.

"त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी बाईंचं आणखी एक पडलं होतं, काकू. इच्छामरणाचं."

काकू गप्प झाल्या. असं फार वेळा होत नाही. काकांच्या शेवटच्या चार महिन्यांबद्दल त्या बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. विषय काढायला नको होता असं वाटून मी कढीपत्ता हुंगत उभी राहिले. पण त्याच म्हणाल्या, "सांग की. किती मतांनी पडलं?"

सप्टेंबर 2008, बाजूनं 13, विरुद्ध 25. मग 2017 मध्ये सरकारनं स्वतःचं विधेयक आणलं. वरच्या सभागृहात रात्रभर चर्चा, 22 विरुद्ध 18, मंजूर. तेव्हा हार्टलंडबाई त्याच सभागृहात होत्या. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी पद सोडलं. 19 जून 2019 पासून कायदा लागू झाला. अटी कडक: रुग्णानं तीनदा मागायचं, दोन डॉक्टरांनी तपासायचं, आणि 2017 च्या कायद्याप्रमाणे माणूस नागरिक किंवा कायमचा रहिवासी, म्हणजे पीआर, असला पाहिजे.

"अगं बाई! म्हणजे मरायलासुद्धा पीआर लागतो?" काकू एवढ्या मोठ्यानं हसल्या की मागच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. त्यांचा स्वतःचा व्हिसा अजून अधांतरीच आहे.

मी म्हटलं, हे काही फक्त गोऱ्यांच्या डोक्यातून आलेलं नाही. 1985 मध्ये प्रा. सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्राच्या विधान परिषदेत अशाच विषयाचं अशासकीय विधेयक मांडलं होतं. तेही मंजूर झालं नाही. पुढं केईएममधल्या अरुणा शानबागच्या खटल्यात 2011 साली सुप्रीम कोर्टानं, आणि 2018 मध्ये दुसऱ्या खटल्यात पुन्हा, उपचार थांबवण्यापुरती वाट मोकळी केली. विधिमंडळानं नाही, कोर्टानं.

"परिषदेतली माणसं अशीच," काकू म्हणाल्या. "आमच्या विसापूरचे वि. स. पागे परिषदेचे सभापती होते. रोजगार हमी त्यांची. आधी आमच्या तासगाव तालुक्यात करून बघितली, मग दुष्काळात राज्यभर, आणि कायदा 1977 साली. माझी आजी गेलीय त्या कामावर, खडी फोडायला. तिला पागे माहीत होते. तुझ्या ह्या बाईचं नाव इथं कुणाला माहितेय? आता तूच सांगितलंस म्हणून मला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुरण एकीनं शिजवायचं, वाटायचंही तिनंच, आणि पोळी कुणी लाटली ते फोटोत येतं. मला विचाराल तर पडलेल्या विधेयकांची एक यादी विधानभवनाच्या दारातच लावावी, तारखांसकट. पण मला कोण विचारतंय.

"तिला भेटलीस का कधी?"

"नाही हो."

"मग एवढी बाजू घेऊन बोलतीयस ती?" काकूंनी पोतं कुंपणावरून माझ्याकडं ढकललं. "भर. आणि मागच्या वेळी तुझ्या नवऱ्यानं वाइनच्या बाटल्या घातल्या होत्या. त्या मशीन घेत नाही. साध्या दुधाच्याही नाही. लाजेनं परत आणल्या मी."

मी डबे आणून भरायला लागले, सवयीनं एकेक पायाखाली चेपत. वरून ओरडा आला.

तेव्हा ट्रुगानिनातल्या समस्त मराठी मंडळींना विनंती: घरी कार्यक्रम झाला तर डबे चेपू नका. बारकोड वाचता आला नाही की मशीन डबा परत करतं, आणि काकू तो आपल्याला परत करतात.